सोर्स कोड दिला, पण कंट्रोलर बदललेलं फर्मवेअर घेत नाही – जीपीएलमध्ये हे चालतं का?

प्रश्न वरुड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराच्या मुलाचा आहे. बागेत ठिबकचा ऑटोमेशन कंट्रोलर बसवलाय. तो घड्याळावर चालतो, पहाटे ठरल्या वेळी पहिला व्हॉल्व्ह उघडतो. पण आपल्याकडे थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. व्हॉल्व्ह उघडून कंट्रोलर बसून राहतो आणि मोटर बंदच. लाईन येईपर्यंत त्याच्या हिशेबाने पाळी होऊन गेलेली असते. आंबिया बहाराचा ताण तोडायच्या दिवसांत हे परवडत नाही. मुलाला एवढाच बदल हवा होता की लाईन आली की पाळी तिथून सुरू व्हावी. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आतल्या सॉफ्टवेअरची यादी आणि जीपीएल (ज्यात सोर्स कोड द्यावा लागतो असा परवाना) दिसलं, त्याने कंपनीला मेल टाकला, बऱ्याच दिवसांनी झिप फाईल आली. कोड बदलून नवं फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) बिल्ड करून टाकलं तर बॉक्स सुरूच होईना. त्याचे शब्द असे: "कोड देता अन् चालू देत नाही, मंग याले ओपन सोर्स काहून म्हणाचं?"

थोडक्यात उत्तर असं, की बदललेलं फर्मवेअर चालू नये म्हणून कुलूप लावलं, एवढ्यावरून कंपनीने यादीतल्या बहुतेक भागांचा परवाना मोडला असं म्हणता येणार नाही. पण झिप अर्धवट देऊन तिने परवाना मोडलाय, असं तुम्ही लिहिलेल्या तपशिलावरून दिसतं. शिवाय यादीत एक नाव असं आहे की त्यावरून कुलपाचाही जाब विचारता येईल. तो जाब टिकेल की नाही हे कंपनीच्या माहितीपत्रकात कोणाचे फोटो आहेत त्यावर ठरेल. थट्टा नाही करत, पुढे सांगतो.

आधी बॉक्समध्ये काय झालं ते पाहू. बोर्डावरच्या सिरियल पिनांना वायर जोडून तुम्ही जो बूट लॉग काढला, त्यात यू-बूट (वीज आल्यावर आधी चालणारा छोटा प्रोग्राम) कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, इमेज उचलतो, 'व्हेरिफाइंग हॅश इंटेग्रिटी' असं छापतो आणि त्याच ओळीत 'एरर' लिहून थांबतो. म्हणजे तुमचा कोड चुकलेला नाही, तो चाललाच नाही. अशा बोर्डांवर प्रोसेसरच्या आत काही फ्यूज असतात. कारखान्यात एकदा जाळले की ते परत फिरवता येत नाहीत. त्यात कंपनीच्या सार्वजनिक किल्लीची खूण कोरलेली असते. वीज आली की प्रोसेसर आधी यू-बूटवरची डिजिटल सही तपासतो, यू-बूट कर्नलवरची तपासतो, आणि बहुतेक वेळा फाईल सिस्टीमचीही तपासणी होते. एक बाइट बदलला तरी सही जुळत नाही. सही करायची खाजगी किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते, ती झिपमध्ये येत नाही.

म्हणजे सातबारा तुमच्या नावावर, पण शेतात जायची पांदण दुसऱ्याच्या ताब्यात. कोड वाचायचा, बदलायचा, वाटायचा हक्क पूर्ण आहे, तो बदल या बॉक्समध्ये उतरवायची वाट मात्र नाही. हे दोन हक्क वेगवेगळे आहेत आणि परवाने त्यांना वेगवेगळी वागणूक देतात. 'जीपीएल आहे' एवढ्यावर कोणताही निष्कर्ष काढू नका. आधी आवृत्ती बघा.

तुमच्या यादीत लिनक्स कर्नल आहे, बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या आज्ञांचा संच) आहे, यू-बूट आहे आणि पडद्यासाठी क्यूटी ही लायब्ररी आहे. पहिल्या तिघांचा व्यवहार जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली होतो. ही आवृत्ती १९९१ ची. त्या काळी सॉफ्टवेअर म्हणजे टेबलावरचा संगणक, त्यात काय चालवायचं हे मालक ठरवायचा. बनवणाराच यंत्राला कुलूप लावेल हे डोळ्यासमोर नव्हतं. ते डोळ्यासमोर आलं टिवोमुळे. १९९९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला हा टीव्हीचे कार्यक्रम साठवणारा डबा लिनक्सवर चालायचा. कंपनी कर्नलचा कोड देत होती, पण डबा सही तपासायचा. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला 'टिवोआयझेशन' हे नाव दिलं. तुमच्या कंट्रोलरमध्ये तेच झालंय.

दुसऱ्या आवृत्तीत कुलपाविरुद्ध सरळ कलम नाही. पण तिच्या तिसऱ्या कलमात 'संपूर्ण सोर्स कोड' म्हणजे काय ते सांगितलंय, आणि त्यात संकलन आणि इन्स्टॉलेशन नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्टही धरल्या आहेत. यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, स्क्रिप्ट द्या, किल्ली द्यायची गरज नाही. दुसरा म्हणतो, इन्स्टॉल होऊच शकत नसेल तर ती कसली इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट? सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही अमेरिकन संस्था इन्स्टॉलेशनच्या बाजूने बरीच वर्षं भांडते आहे. माझं मत विचाराल तर किल्लीचा मुद्दा दुसऱ्या आवृत्तीतून ओढून काढणं कठीण आहे. स्क्रिप्टचा मुद्दा मात्र पक्का आहे, आणि तुमचं काम तिथेच होण्यासारखं आहे.

कारण तुम्हीच लिहिलंय की झिपमध्ये कर्नलचं फोल्डर होतं, पण कॉन्फिग फाईल नव्हती, बोर्डाची डिव्हाइस ट्री (कोणतं हार्डवेअर कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाईल) अंदाजाने जुळवावी लागली आणि इमेज बांधायची स्क्रिप्ट कुठेच नाही. बिझीबॉक्सचं तर नावच नाही. हा संपूर्ण सोर्स नव्हे. कर्नल डॉट ऑर्गवरून उतरवलेलं कर्नल झिप करून पाठवायचं आणि ग्राहक गप्प बसला की विषय संपवायचा, हा खेळ मी बऱ्याच छोट्या कंपन्यांत पाहिलाय. बहुतेक वेळा त्यामागे कावा नसतो. बोर्ड परदेशातून आलेला, त्याचं सॉफ्टवेअर किटही तिकडचंच, आणि इथल्या माणसाला स्वतःलाच पूर्ण सोर्स कुठे आहे ते ठाऊक नसतं. पण परवान्याला कंपनीच्या अडचणीशी देणंघेणं नाही. दुसऱ्या आवृत्तीत अटी मोडल्या की वाटपाचा हक्क आपोआप संपतो, नोटीस द्यायचीही गरज नाही.

असं भांडण फुकट जात नाही. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांच्या लक्षात आलं, दबाव आला आणि कंपनीला कोड उघडा करावा लागला. त्यातूनच पुढच्या वर्षी ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं फर्मवेअर उभं राहिलं. आज गावोगावी जुन्या राउटरला नवं आयुष्य मिळतं ते त्याच्यामुळे. पण तो राउटर सही तपासत नव्हता हे विसरू नका. तपासत असता तर कोड हाती येऊनही ओपनडब्ल्यूआरटी घडलं नसतं.

आता तिसरी आवृत्ती. २९ जून २००७ ला ती आली आणि टिवोचा बंदोबस्त हा तिचा एक मुख्य हेतू होता. तिच्या सहाव्या कलमात 'इन्स्टॉलेशन इन्फर्मेशन' ही गोष्ट आली. यंत्र विकताना किंवा भाड्याने देताना त्यात या परवान्याचं सॉफ्टवेअर असेल, तर बदललेली प्रत त्याच यंत्रात घालून चालवायला लागणारी पद्धत, किल्ली, जे काही लागेल ते द्यावं लागतं. आणि केवळ बदल केला म्हणून यंत्राने काम नाकारायचं नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. कंपनीला तिची स्वतःची खाजगी किल्ली द्यावीच लागते असं नाही. ग्राहकाला त्याची किल्ली यंत्रात नोंदवू दिली तरी चालतं. काही अँड्रॉइड फोनमध्ये मालकाला बूटलोडर उघडायची सोय असते, उघडताना फोनमधला डेटा पुसला जातो आणि इशारा दिसतो. तशी सोय पुरते. बदललेल्या यंत्राला वॉरंटी, अपडेट, सर्व्हिस देत राहायचं बंधन कंपनीवर नाही. बदलामुळे नेटवर्कच्या चालण्यावर खरंच वाईट परिणाम होत असेल तर नेटवर्कवरून तोडण्याचीही मुभा आहे. आणि सॉफ्टवेअर कायमचं रॉममध्ये भाजलेलं असेल, म्हणजे कंपनीलाही बदलता येत नसेल, तर हे कलम लागूच होत नाही. तुमच्या कंट्रोलरला कंपनी मोबाइल नेटवर्कवरून अपडेट पाठवते, तेव्हा ही पळवाट तिला नाही.

लिनक्स कर्नल मात्र तिसऱ्या आवृत्तीवर गेलं नाही. लिनस टोर्वाल्ड्स यांचा मुद्दा साधा आहे: मी कोड दिला, बदललात तर कोड परत द्या, तुमच्या हार्डवेअरमध्ये काय करायचं ते मी सांगणार नाही. मला हे पटत नाही, पण त्यात खोट आहे असंही नाही. टिवो प्रकरणाचा सगळ्यात मोठा परिणाम असा झाला की यंत्र बनवणारे तिसऱ्या आवृत्तीपासून चार हात दूर राहू लागले. अ‍ॅपलने बॅश हे शेल (आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम) वर्षानुवर्षं ३.२ वरच ठेवलं, कारण पुढच्या आवृत्त्या जीपीएल ३ खाली गेल्या होत्या, आणि २०१९ मध्ये मॅकओएसचं ठरलेलं शेल झेडशेल केलं. अशा यंत्रांसाठी लिनक्स बांधायच्या योक्टो या बिल्ड प्रणालीत नको असलेल्या परवान्यांची पॅकेजं बाहेर ठेवायची वेगळी सेटिंगच आहे, आणि बहुतेक कंपन्यांच्या फाइलीत त्या ओळीत जीपीएल ३ लिहिलेलं सापडतं. यू-बूट आणि बिझीबॉक्स तुमच्या बॉक्समध्ये आहेत, पण बॅश नाही, हे उगाच नाही.

पण तुमच्या कंपनीच्या फाइलीतून एक गोष्ट सुटली. क्यूटी.

पडद्यावरचे झाडांचे हिरवे चित्र, व्हॉल्व्हची बटणं, हे सगळं क्यूटीवर बनलंय. २०१६ मध्ये आलेल्या ५.७ आवृत्तीपासून क्यूटीचे मुख्य भाग एलजीपीएल ३ (जीपीएलचा लायब्ररींसाठीचा सौम्य प्रकार) खाली आहेत. पैसे भरून व्यापारी परवाना घेतला तर ही बंधनं लागत नाहीत, पण तुमच्या पुस्तिकेत एलजीपीएल ३ छापलंय, म्हणजे तो घेतलेला नाही. एलजीपीएल ३ असं सांगतो की कंपनीने स्वतःचा प्रोग्राम बंद ठेवला तरी चालेल, पण ग्राहकाला बदललेलं क्यूटी त्याच्याशी जोडून चालवता आलं पाहिजे. आणि जीपीएल ३ च्या सहाव्या कलमानुसार इन्स्टॉलेशनची माहिती द्यावी लागत असेल, तर ती इथेही द्यावी लागते. आख्ख्या फाईल सिस्टीमवर एकच सही असेल तर क्यूटी बदलायला दार उघडावंच लागेल. ते एकदा उघडलं की तुम्हाला आत जाता येतं.

मग अडतं कुठे? 'लागत असेल तर' या शब्दांत. हे कलम सगळ्या यंत्रांना लागू नाही, फक्त 'यूजर प्रॉडक्ट'ला आहे. म्हणजे सर्वसाधारणपणे वैयक्तिक, कौटुंबिक किंवा घरगुती कामासाठी वापरली जाणारी वस्तू, किंवा घरात बसवण्यासाठी बनवलेली वस्तू. २००६ च्या मसुद्यांत ही मर्यादा नव्हती. मार्च २००७ च्या तिसऱ्या मसुद्यात ती आली. व्याख्या अमेरिकेच्या १९७५ च्या वॉरंटी कायद्यावरून घेतली आहे. व्यापारी ग्राहकाला वाटाघाटी करता येतात, त्याला या संरक्षणाची तेवढी गरज नाही, असा विचार त्यामागे होता. विचार करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बँका आणि दवाखाने असतील. पाच एकर संत्र्याचा मालक कंपनीशी कसली वाटाघाट करणार? पण शेती हा धंदा, म्हणून तो बँकेच्या रांगेत जाऊन बसला. या परवान्यातली मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. जिथे दुरुस्तीवाला सर्वात लांब आणि हंगाम सर्वात छोटा, नेमकं तिथलं यंत्र बाहेर राहिलं.

तरीही आशा आहे, आणि तो माहितीपत्रकाचा मुद्दा इथे येतो. व्याख्येचा पुढचा भाग नीट वाचा. वस्तूचा व्यापारी किंवा औद्योगिक वापर मोठा असला तरी ती ग्राहकवस्तूच राहते, फक्त तो वापर हाच एकमेव महत्त्वाचा वापर नसला पाहिजे. विशिष्ट गिऱ्हाईक कोण आहे हे बघायचं नाही, त्या प्रकारच्या वस्तूचा साधारण वापर काय आहे ते बघायचं. आणि शंका असेल तर निकाल ग्राहकवस्तू धरण्याच्या बाजूने द्यायचा. आता तुमच्या मॉडेलचं माहितीपत्रक काढा. त्यात नुसत्या संत्रा, डाळिंब, कापसाच्या शेताचे फोटो असतील तर कंपनी म्हणेल की हे फक्त शेतीचं यंत्र आहे, आणि तिचं म्हणणं वजनदार ठरेल. पण तेच मॉडेल 'बंगल्याची बाग, टेरेस गार्डन, लॉन' म्हणूनही विकत असेल, तर ती ग्राहकवस्तू आहे आणि तुम्ही बागेत लावली असली तरी हक्क तुम्हालाही मिळतो. अशा पत्रकाची एक प्रत आणि कंपनीच्या संकेतस्थळाचा त्या दिवसाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पत्र गेल्यावर फोटो बदलतात.

क्यूटीऐवजी अपाचे किंवा एमआयटी परवान्याचं काही असतं तर यातलं काहीच मागता आलं नसतं. छोट्या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टीमपैकी फ्रीआरटीओएस एमआयटीखाली आहे, झेफिर अपाचे २.० खाली. स्वस्तातले छोटे कंट्रोलर बहुधा अशांवर चालतात. नाव आणि परवान्याचा मजकूर दिला की कंपनीचं कर्तव्य संपलं, कुलूप लावा नाहीतर भिंत बांधा.

कुलूप म्हणजे वाईटच, असंही मी म्हणणार नाही. जिनिंगच्या काट्याचं फर्मवेअर कोणालाही बदलता आलं तर सर्वात आधी कापूसवाल्याचा गळा कापला जाईल. तिथे वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ प्रमाणे काटा तपासून मुद्रांकित होतो आणि ते सील राहिलंच पाहिजे. प्रश्न किल्ली कोणाकडे हा आहे. काट्यावर काटेवाल्याचा समोरच्याविरुद्ध हितसंबंध असतो, माझ्या बागेतल्या व्हॉल्व्हवर माझा तसा नसतो.

कायद्याचं थोडं. कुलूप तोडलं तर भारतात गुन्हा होतो का, असंही तुम्ही विचारलंय. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आलं. त्यात तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं असेल तरच. अमेरिकेपेक्षा हे कलम बरंच सौम्य आहे. कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रामचं काम कसं चालतं ते बघण्या-तपासण्याला कलम ५२ मध्ये मोकळीकही आहे. जीपीएल ३ तर पुढे जाऊन सांगतो की या परवान्याखालचं सॉफ्टवेअर म्हणजे 'परिणामकारक तांत्रिक उपाय' समजलंच जाणार नाही. तरीही तुमच्या बॉक्समध्ये कंपनीचा बंद प्रोग्रामही आहे. त्याच्या प्रती काढून शेजाऱ्याला देऊ नका, मग हेतूची ढाल उरत नाही. यंत्र अनुदानावर किंवा एखाद्या योजनेतून घेतलं असेल तर उघडण्याआधी करारनामा वाचा. कोर्टात जायचीच वेळ आली तर वकील गाठा, हे उत्तर घेऊन जाऊ नका.

कोर्टात कोण जाऊ शकतं, हाही प्रश्न आहेच. परंपरेने कोडचा कॉपीराइट ज्याच्याकडे तो. २०२१ मध्ये कॉन्झर्व्हन्सीने व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर दावा लावला तो मात्र गिऱ्हाईक म्हणून, आम्ही टीव्ही विकत घेतला तेव्हा कोड मागायचा हक्क आमचाही आहे, असं म्हणत. (दावा लागला कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत. आपल्या संत्रा पट्ट्याने एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.) जर्मनीत याआधी उलट घडलं होतं. एव्हीएम या राउटर कंपनीने तिच्या राउटरमधलं फर्मवेअर बदलणाऱ्या दुसऱ्या कंपनीला रोखायचा प्रयत्न केला आणि २०११ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने जीपीएल भागातले बदल तिला रोखता येणार नाहीत असं सांगितलं.

आता करायचं काय? कंपनीला नवं पत्र लिहा, मेलने आणि स्पीड पोस्टने नोंदणीकृत पत्त्यावर. त्यात कुलपाचा विषय पहिल्या परिच्छेदात आणू नका. आधी मॉडेल आणि फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक लिहा, आणि त्याच आवृत्तीचं कर्नल कॉन्फिग, डिव्हाइस ट्री, बिझीबॉक्स आणि यू-बूटचा कोड, इमेज बांधायच्या स्क्रिप्ट मागा. हे नाकारायला त्यांच्याकडे कारण नाही. पुस्तिकेत सोर्स देण्याचा लेखी प्रस्ताव छापला असेल तर दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे तो किमान तीन वर्षं पाळावा लागतो आणि तो कोणाही त्रयस्थाला खुला असतो. म्हणजे वापरलेला बॉक्स घेतलेला शेजारीही मागू शकतो. मग दुसऱ्या भागात क्यूटी, एलजीपीएल ३ आणि माहितीपत्रकातला बंगला. धमकीची भाषा नको. अशा पत्राला उत्तर देणारा बहुधा एखादा तरुण इंजिनीअर असतो आणि तो मनातून तुमच्याच बाजूचा असतो.

यात हंगाम निघून जाईल, म्हणून बागेचं काम त्यावर अडवू नका. तुमचे व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीचे आहेत, सोलेनॉइडला प्रत्येकी एक वायर आणि सगळ्यांना मिळून एक कॉमन. त्यांना पलीकडे कोण बसलंय याच्याशी मतलब नाही. जुना बॉक्स बंद करा, त्या वायरी सोडवून दुसऱ्या कंट्रोलरला जोडा. ओपनस्प्रिंकलर नावाचा कंट्रोलर याच व्होल्टेजच्या व्हॉल्व्हसाठी आहे आणि त्याचं फर्मवेअर जीपीएल ३ खाली आहे. ईएसपी३२ (छोटी वाय-फाय चिप) आणि रिले बोर्डवर स्वतःही करता येईल. स्टार्टरच्या तिन्ही फेजवरून लाईन आली की नाही ते ओळखणारा वेगळा सिग्नल घ्या, थेट ४१५ व्होल्ट बोर्डाजवळ आणू नका, त्यासाठी फेज मॉनिटर रिलेचा कोरडा संपर्क (स्वतः वीज न देणारा नुसता स्विच) पुरतो. तुम्हाला हवा तो बदल मग वीस-पंचवीस ओळींचा आहे: फेज आली की थांबलेल्या व्हॉल्व्हपासून उरलेली मिनिटं मोजायची.

शेवटी तुम्ही सहज लिहिलेली ओळ, 'जमलं तर मोर्शी-वरुडात पाच-दहा जणांना बनवून देईन.' त्या दिवशी तुम्ही कंपनी झालात. जीपीएल ३ चं फर्मवेअर घालून बॉक्स विकला की प्रत्येक बॉक्ससोबत सोर्स किंवा लेखी प्रस्ताव द्यावा लागेल, आणि या आवृत्तीत तो प्रस्ताव तीन वर्षं आणि त्यापुढेही जोवर तुम्ही सुटे भाग किंवा सर्व्हिस देता तोवर चालू ठेवावा लागतो. ईएसपी३२ मध्ये सिक्युअर बूट, म्हणजे हेच सहीचं कुलूप, आहे आणि नक्कल होऊ नये म्हणून तो चालू करायचा मोह होईल. करायचाच असेल तर गिऱ्हाइकाच्या किल्लीसाठी जागा ठेवा. तिचा फ्यूज एकदा जाळला की तुम्हालाही तो परत फिरवता येणार नाही.